सुई-दोऱ्याशिवाय गोधडी: जुन्या साड्या आणि लग्नपत्रिकांमधून चांदणीची चौकट

आईच्या कपाटात अगदी खालच्या कप्प्यात एक गाठोडं होतं. इरकलीचा फाटका पदर, खणाच्या चोळीची पाठ, बाबांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्याचा पाय, माझ्या शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा, असं काय काय त्यात साठलेलं. आमच्या कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि हे सगळं 'पुढच्या वाकळंला' म्हणून ठेवलेलं होतं. मग आईला संधिवाताने गाठलं. बोटांचे सांधे सुजायला लागले, सुई चिमटीत धरणं अशक्य झालं, आणि गाठोडं तसंच राहिलं.

सुईशिवाय या तुकड्यांचं काय करता येईल, हे मी तेव्हा शोधायला लागले. खाली जी पद्धत देते आहे ती आम्ही दोघींनी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून जमवली आहे. कापायचं काम माझं, तुकडे मांडायचं आणि दुमडायचं काम आईचं. ज्यांना शिवण येत नाही, ज्यांच्याकडे मशीन नाही, ज्यांची नजर किंवा बोटं आता सुईला साथ देत नाहीत, किंवा ज्यांच्या मुलांना सुट्टीत हाताला काम हवंय, त्या सगळ्यांना हे जमण्यासारखं आहे.

गोंद कुठे चालतो, कुठे नाही

खरी वाकळ टिकते ती धावदोऱ्यावर. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून कडेपासून मध्यापर्यंत टाक्यांच्या ओळी घालत जातात. त्या ओळी सगळे थर एकमेकांना बांधून ठेवतात, म्हणून वाकळ वर्षानुवर्षं आपटून धुतली तरी थर सरकत नाहीत. हे काम गोंद करू शकत नाही. गोंदाने चिकटवलेलं कापड कडक होतं, धुतलं की सुटतं, अंगावर घ्यायला बोचतं. त्यामुळे चिकटवून पांघरूण करायच्या फंदात पडू नका.

गोंद चालतो तो न धुण्याच्या वस्तूंना. भिंतीवर लावायची चौकट, दागिन्यांच्या डब्याचं झाकण, वहीचं किंवा फोटोच्या अल्बमचं कव्हर, काचेखाली ठेवायचा ट्रे, या सगळ्यांवर गोधडीचं रूप फार देखणं दिसतं. आपण ३० सें.मी. बाय ३० सें.मी.ची भिंतीवरची चौकट करू. ती एकदा जमली की बाकीच्या वस्तूंना फक्त मापं बदलायची.

थर्माकोल का नको

सुईशिवाय कापडाचे तुकडे बसवायची एक प्रसिद्ध पद्धत जपानची. क्योतोच्या कामिगामो देवळात १८ व्या शतकात उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांच्या बाहुल्या करत, लाकडात बारीक खाचा पाडत आणि कापडाच्या कडा त्या खाचांत दाबून बसवत. या पद्धतीला किमेकोमी म्हणतात. आजकाल लाकडाऐवजी थर्माकोल घेतात, कटरने त्यात खाचा पाडतात आणि बोथट सुरीने कापड आत सरकवतात. काम झटपट होतं, दिसायलाही छान.

मी पहिला प्रयत्न थर्माकोलवरच केला होता. कडा पक्क्या बसाव्यात म्हणून चपला चिकटवायचा पिवळा गोंद खाचांत सोडला, आणि थर्माकोल आतून विरघळून त्याची भोकं झाली. त्या गोंदातला द्रावक थर्माकोल खातो. नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन आणि बहुतेक स्प्रे रंगही तेच करतात. पण थर्माकोल सोडायचं त्याहून मोठं कारण वेगळं आहे. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीसाठी थर्माकोल वापरायला बंदी आली. त्याचे पांढरे दाणे गटारात, ओढ्यात जातात आणि तिथेच राहतात. तुकड्यांना नवं आयुष्य द्यायला बसायचं आणि मागे कधी न कुजणारा कचरा ठेवायचा, हे मला पटलं नाही.

म्हणून आपण दुसरी वाट घेऊ. इंग्लंडमध्ये गोधडीचे तुकडे कागदाच्या साच्यांवर दुमडून मग एकमेकांना शिवायची जुनी रीत आहे. तिथली १७१८ सालची एक रेशमी गोधडी आजही जपून ठेवलेली आहे आणि तिच्या आत ते कागद अजून तसेच आहेत. आपण कागदाऐवजी पुठ्ठा घ्यायचा आणि शिवण्याऐवजी चिकटवायचं. आणि पुठ्ठ्यासाठी सर्वात उत्तम वस्तू प्रत्येक मराठी घरात असते: जुन्या लग्नपत्रिका.

सामान

जाडजूड लग्नपत्रिका आठ-दहा. पत्रिकेचा पुठ्ठा या कामाला नेमका असतो. दुमडत नाही, पण कात्रीने कापता येतो. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, "अगं, गणपतीचं चित्र कापू नकोस, तेवढं आधी बाजूला काढ." तसं करा. ती चित्रं मुलं वहीत चिकटवतात. पत्रिकेची एक बाजू गुळगुळीत, चकाकती असेल तर गोंद साध्या बाजूला लावा. चकाकत्या बाजूवर तो धरत नाही.

खालच्या पाटासाठी वह्या बांधायला वापरतात तो ३ मि.मी. जाडीचा करडा पुठ्ठा, ३० बाय ३० सें.मी. स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात किंवा बाइंडिंगवाल्याकडे मिळतो. सोबत फेविकॉलसारखा पांढरा गोंद, अर्धा इंची सपाट ब्रश, स्टीलची पट्टी, कटर, धारदार कात्री आणि पेन्सिल. भरावासाठी जुनं मऊ बनियन किंवा टीशर्ट. सुती बनियनचे दोन थर घातले की तुकडा हलकासा फुगतो आणि गोधडीसारखा दिसतो. कापूस मात्र घालू नका, त्याच्या गुठळ्या होतात आणि वरून दिसतात.

कापड निवडताना

पातळ सुती कापड सर्वात सोयीचं. जुनं लुगडं, ब्लाउजपीसचं टू बाय टू, पॉपलिन, शर्टाचं कापड. वापरून वापरून मऊ झालेलं लुगडं दुमडायला इतकं सोपं जातं की नव्या कापडाकडे वळावंसं वाटत नाही. मलमल किंवा ओढणीसारखं फार विरळ कापड असेल तर खालचा पुठ्ठा दिसतो आणि गोंदही वर झिरपतो. ते हवंच असेल तर खाली पांढऱ्या सुती कापडाचा एक थर द्या.

खण देखणा दिसतो, पण कापला की त्याच्या कडांचे दोरे लगेच सुटायला लागतात. म्हणून खणाला कापण्याआधी मागच्या बाजूने, जिथे कापायचं त्या रेघेवर, पाणी घातलेल्या फेविकॉलचा पातळ हात फिरवा, वाळू द्या आणि मग कापा. पैठणीच्या जरीकाठाचं काम वेगळं आहे. तो जाड असतो आणि कोपऱ्यावर दुमडताना अडतो. तो चौकटीच्या कडेला सरळ पट्टी म्हणून वापरा, त्रिकोणांवर चढवू नका.

सगळं कापड एकदा धुऊन घ्या. मग पांढरं ओलं फडकं घेऊन गडद रंगांवर घासून बघा. जुन्या लाल आणि मोरपंखी रंगांनी फडकं रंगलं तर ते कापड गोंदाच्या पाण्याने शेजारच्या पांढऱ्या तुकड्यावर उतरणार, हे पक्कं समजा. तसं कापड बाद करा, कितीही आवडतं असलं तरी.

पुढे साबुदाण्याची पातळ कांजी. एक चमचा साबुदाणा दोन कप पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळायचा, त्यात तुकडे बुडवून सावलीत वाळवायचे आणि ओलसर असतानाच इस्त्री करायची. कांजीने कापड कागदासारखं उभं राहतं, कापताना सरकत नाही आणि दुमड तशीच बसते. मैद्याची खळ मात्र घालू नका. खळीवर कसर आणि झुरळं येतात.

पुठ्ठे कापणं, आणि २ मि.मी.ची गोष्ट

आपला नमुना म्हणजे तीन बाय तीनची नऊ घरं, प्रत्येक घर ८ सें.मी.चं, एकूण २४ सें.मी. चौरस. अमेरिकेत या नमुन्याला ओहायो स्टार म्हणतात. आमच्या घरात ती चांदणी. मधलं घर सबंध, चार कोपऱ्यांची घरं सबंध, आणि उरलेल्या चार घरांना दोन्ही कर्णांवर कापून प्रत्येकाचे चार त्रिकोण. म्हणजे पाच चौकोन आणि सोळा त्रिकोण, एकूण एकवीस तुकडे.

इथे बहुतेकांचं गणित चुकतं. पुठ्ठा नेमका ८ सें.मी.चा कापला तर कापड दुमडल्यावर प्रत्येक कडेला जवळपास १ मि.मी. वाढतं. एका घराला २ मि.मी., तीन घरांना ६ मि.मी. शेवटचा तुकडा बसतच नाही, सगळी ओळ तिरकी होते. म्हणून पुठ्ठ्याचे चौकोन ७.८ सें.मी.चे कापा. असे नऊ चौकोन लागतील. त्यातल्या चार चौकोनांवर दोन्ही कर्ण काढून, पट्टी धरून कटरने कापा. त्रिकोणाच्या ज्या दोन कडा कर्णावरच्या आहेत, त्या प्रत्येकीवरून पुन्हा १ मि.मी. छाटा. लांब कडेला हात लावू नका, ती आधीच बरोबर आहे.

कटरचं पातं एकदाच जोर देऊन फिरवू नका. हलक्या हाताने दोनदा-तीनदा ओढा, पट्टी घट्ट दाबून. खाली जुनी वही ठेवा. पातं बोथट झालं की पुठ्ठ्याची कड खरबरीत होते आणि ती पातळ कापडातून दिसते, तेव्हा पात्याचं टोक मोडून नवं काढायला कंटाळू नका.

प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागे त्याचा नंबर आणि 'वर' कुठे ते बाणाने लिहा. सोळा त्रिकोण दिसायला सारखे असले तरी हाताने कापलेले असतात. आपापल्या जागीच ते नीट बसतात.

कापड चढवणं

बनियनचे दोन थर पुठ्ठ्यापेक्षा १ मि.मी. आत राहतील असे कापा आणि पुठ्ठ्याला गोंदाच्या दोन-तीन थेंबांनी टेकवा. कापड उलटं पसरा, त्यावर भरावाची बाजू खाली करून पुठ्ठा ठेवा, चारही बाजूंना दीड सें.मी. सोडून पेन्सिलने आखा आणि कापा. चौकोनाला साधारण ११ सें.मी.चं कापड लागतं. कापडाला काठ किंवा बुट्टी असेल तर ती तुकड्याच्या मध्यावर यावी म्हणून पुठ्ठा सरकवून बघा. आईने बाबांच्या लेंग्याच्या पट्ट्या एका त्रिकोणात उभ्या आणि शेजारच्यात आडव्या घेतल्या. तेवढ्याने चौकटीला हालचाल आली.

आता कोपरे. कापडाचा कोपरा तिरका कापायचा, पण पुठ्ठ्याच्या टोकाला अगदी चिकटून नाही. टोकापासून साधारण ३ मि.मी. सोडा. जास्त सोडलं तर कोपऱ्यावर गड्डा होतो, कमी सोडलं तर पुठ्ठ्याचं टोक उघडं पडतं. वहीबांधणीवाले चामड्याचा कोपरा असाच घालतात.

गोंद कापडाला लावू नका, पुठ्ठ्याच्या मागच्या कडेला लावा. ब्रशने पातळ, १ सें.मी. रुंद पट्टा. एक मिनिट थांबा, गोंद जरा चिकट होऊ द्या, मगच कापड वळवा. ओल्या गोंदावर लगेच वळवलं तर तो कापडातून वर येतो आणि वाळल्यावर तिथे काळपट कडक डाग राहतो. तो डाग नंतर कशानेच जात नाही.

आधी समोरासमोरच्या दोन कडा वळवा, ओढून, पण ताणून नाही. ताणलं की कापडाचे सरळ धागे वाकडे होतात. मग कोपऱ्यावर उरलेला तो ३ मि.मी.चा इवलासा भाग नखाने आत दाबा. आईच्या नखाखाली 'टक' असा बारीक आवाज येतो. तो आला की कोपरा बसला. मग उरलेल्या दोन कडा.

त्रिकोणाला एक टोक काटकोनाचं असतं आणि दोन टोकं निमुळती. काटकोनाचं टोक चौकोनाच्या कोपऱ्यासारखंच करा. निमुळत्या टोकांना वेगळी रीत हवी. आधी टोकावरचं कापड सरळ आत वळवून चिकटवा आणि अर्धा सें.मी. ठेवून बाकीचं छाटा. मग लांब कड वळवा, मग दोन्ही आखूड कडा. वळवल्यावर मागच्या बाजूला कानासारखं टोक बाहेर डोकावेल, ते गोंद वाळल्यावर कात्रीने सरळ छाटून टाका. पहिले दोन त्रिकोण मनासारखे होणार नाहीत. ते बाजूला ठेवून पुढे जा. पाचव्या-सहाव्याला हात बसतो, मग मागे येऊन पहिले दोन पुन्हा करा.

आईच्या सुजलेल्या बोटांना हेच दुमडायचं काम सोसलं. सुई धरायला चिमटीत जोर लागतो, इथे तळव्याने दाबायचं असतं. एका बैठकीत पाच-सहा तुकडे, त्याहून जास्त तिला मी करू दिले नाहीत.

मांडून बघणं

एकही तुकडा चिकटवायच्या आधी सगळे एकवीस टेबलावर मांडा. नियम एकच लक्षात ठेवा: कोपऱ्यातल्या चौकोनांना जे आठ त्रिकोण लागून असतात ते चांदणीचे पाय. ते गडद हवेत. मधल्या चौकोनाला आणि बाहेरच्या कडेला लागून असलेले आठ त्रिकोण फिके हवेत, कोपऱ्यांचे चार चौकोनही फिके. मधला चौकोन गडद. एवढं पाळलं की चांदणी उठून दिसते, मग प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या कापडाचा असला तरी चालेल.

गडद-फिक्याचा अंदाज डोळ्याला नेहमी बरोबर येत नाही, कारण रंग फसवतात. तांबडं आणि हिरवं शेजारी ठेवलं की जोरदार फरक वाटतो, पण दोन्ही तितकेच गडद असू शकतात. मोबाइलने मांडणीचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. जिथे चांदणी राखाडीत बुडाली असेल तो तुकडा बदला.

आईला फोटोची गरज पडली नाही. तिने खुर्ची दोन हात मागे सरकवली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "तो जांभळा काढ. सगळं लक्ष तोच ओढतोय." जांभळा माझ्या आवडत्या साडीचा होता. काढला, आणि खरोखरच सगळी मांडणी निवांत झाली.

पाट मढवणं आणि चिकटवणं

पाटासाठी ३६ सें.मी. चौरस कापड घ्या. साधं, एकरंगी, शक्यतो गडद. तुकड्यांसारखंच ते पाटावर मागे वळवून चिकटवा, फक्त इथे भराव नाही. वरच्या बाजूला गोंद लावायचीही गरज नाही, कडा मागे पक्क्या बसल्या की पुरे. मग खडूने कडेपासून ३ सें.मी. आत चौकोन आखा. आत बरोबर २४ सें.मी. उरतील.

चिकटवायला मधल्या चौकोनापासून सुरुवात करा आणि बाहेर जा. मधला बरोबर मध्यावर बसला का, हे दोन्ही कर्णांना दोरा ताणून बघा. त्याच्या चार बाजूंचे त्रिकोण, मग कोपरे. प्रत्येक तुकड्याच्या मागे कडेपासून थोडा आत गोंद, म्हणजे दाबल्यावर फटीतून बाहेर येत नाही. फटी केसाएवढ्या राहिल्या तर घाबरू नका, त्यातून पाटाचं गडद कापड दिसतं आणि ते शिवणीच्या रेघेसारखंच वाटतं.

चारही कोपऱ्यांत मी एक भर घातली. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी समाजाच्या बायका कवंद नावाच्या गोधड्या करतात. त्यांच्या कवंदाच्या चारही कोपऱ्यांत घडी घातलेल्या कापडाचे तिकोनी तुकडे असतात, त्यांना त्या फुला म्हणतात. फुला नसतील तर कवंद उघडं वाटतं, असं त्या मानतात. आपल्याला करायला सोपं आहे: ५ सें.मी.चा कापडाचा चौकोन एकदा कर्णावर दुमडा, पुन्हा एकदा दुमडा, इस्त्री करा आणि कोपऱ्याचा तुकडा चिकटवण्याआधी त्याच्याखाली अर्धा सरकवून द्या. बाहेरच्या ३ सें.मी.च्या कडेवर ती छोटी त्रिकोणी टोकं सुंदर दिसतात.

आता सगळ्यावर स्वच्छ कापड, त्यावर पोळपाट उलटा, आणि त्यावर तांदळाचा भरलेला डबा. गोंद वाळताना पुठ्ठा वाकतो, म्हणून वजन हवंच. पूर्ण एक दिवस. पावसाळ्यात दोन.

तोवर, पांघरूणच हवं असेल तर

गोंद नको, सुईही नको, आणि तरी अंगावर घ्यायचं पांघरूण हवं, तर एकच खात्रीचा मार्ग आहे: फ्लीसचं गाठींचं पांघरूण. फ्लीस म्हणजे थंडीच्या जॅकेटांना असतं ते मऊ, लवदार पॉलिस्टर कापड. ते स्वेटरसारखं विणलेलं असल्यामुळे कापलं तरी कडेचे दोरे सुटत नाहीत, म्हणून शिवायची गरजच नाही.

वेगवेगळ्या रंगांचे ३० सें.मी.चे पंचवीस चौकोन कापा. कापड दीड मीटर पन्ह्याचं असेल तर सगळे रंग मिळून दीड मीटर पुरतं. कापड ज्या दिशेला ताणतं ती सगळ्या चौकोनांत एकच ठेवा. प्रत्येक चौकोनाच्या चारही कोपऱ्यांतून ५ सें.मी.चा छोटा चौकोन कापून टाका. आता चारही बाजूंना ५ सें.मी. खोल, २० सें.मी. लांब पट्टी उरली. तिच्यात अडीच सें.मी.च्या अंतराने आतपर्यंत काप द्या, बाजूला आठ-आठ झिरमिळ्या होतील. दोन चौकोन शेजारी ठेवून समोरासमोरच्या झिरमिळ्यांच्या दुहेरी गाठी मारा. पाच बाय पाच जोडल्यावर साधारण १ मीटर चौरसाचं, मांडीवर घ्यायचं पांघरूण होतं, कडेला आपोआप झालर. एकूण ३२० गाठी बसतात, तेव्हा चारजणांनी मिळून बसा. मशीनमध्ये बिनघोर धुता येतं. चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ मात्र ते घेऊन बसू नका, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना घालू नका. त्याच्या अंगावर सुटं पांघरूण नसावं.

इस्त्रीने चिकटणाऱ्या जाळीचंही सांगते. टेलरिंगच्या सामानाच्या दुकानात दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाळी मिळते. तुकडा, जाळी, खाली पिशवी किंवा उशीचा अभ्रा, वर ओलं फडकं, आणि इस्त्री न घासता दहा सेकंद दाबून ठेवायची. थंड होईपर्यंत हलवायचं नाही. काम दहा मिनिटांत होतं, पण चार-पाच धुण्यांत कडा उचलायला लागतात. भेट म्हणून द्यायच्या पिशवीला ठीक, रोजच्या उशीला नाही.

मागची बाजू

वजन काढल्यावर चौकट उलटी करा. टांगण्यासाठी साडीच्या काठाची १६ सें.मी. लांब पट्टी घ्या, मधून दुमडा, दोन्ही टोकं ६-६ सें.मी. पाटाला चिकटवा, वर मधोमध फास राहू द्या. टोकं आखूड ठेवली तर काही महिन्यांत निसटतात. त्यावरून २९ सें.मी. चौरसाचा जाड कागद सगळीकडे गोंद लावून चिकटवा, म्हणजे वळवलेल्या कडा आणि फासाची टोकं झाकली जातात. पुन्हा रात्रभर वजनाखाली.

खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावा. चौकट भिंतीपासून थोडी सुटी राहते आणि मागे हवा खेळते. आमच्याकडे पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींना ओल येते, तिथे कापड महिन्याभरात बुरशी धरतं. आतल्या भिंतीवर, थेट ऊन न येणाऱ्या जागी टांगा. जुन्या कापडाचे रंग उन्हाने फार लवकर उडतात. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, ओलं फडकं लावू नका.

टांगण्याआधी मागच्या कागदावर नऊ घरांचा छोटा नकाशा काढा आणि कुठला तुकडा कशाचा ते लिहा. कोपऱ्यात तारीख. कपडे कुणाचे होते हे माहीत असलेली माणसं घरात आहेत तोवरच हे काम होतं. आमच्या चौकटीमागे पेन्सिलने लिहिलेलं आहे, आईने सांगितलं तसं: मधला चौकोन, आजीची इरकल, पदराजवळची बाजू. वरचे दोन पाय, बाबांचा पट्ट्यांचा लेंगा. डावे दोन, माझा गणवेश, पाचवी. खालचे दोन, मावशीच्या लग्नातला माझा खणाचा परकर. उजवे दोन, आईची पहिली चोळी. तिथे ती जरा थांबली आणि म्हणाली, "सासरी आले तेव्हाची, असं लिही."